आई आणि आजी यांच्यात एका सुराचं अंतर: कँटोनीज बोलणाऱ्या मुलांमधला वाचेचा ॲप्रॅक्सिया

आलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा ४ वर्षं २ महिन्यांचा आहे, राहणं हाँगकाँगला. वडील तिथलेच, त्यामुळे घरात आणि बालवाडीत कँटोनीज, म्हणजे तिथली चिनी भाषा. आई साताऱ्याची, ती मुलाशी मराठीत बोलते. बालवाडीत येणाऱ्या स्पीच थेरपिस्टने अहवालात ‘संशयित चाइल्डहूड ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच’ असं लिहिलं, म्हणजे बोलण्याच्या हालचालींची आखणी मेंदूला नीट न जमणं. आईने इंग्रजीतून लक्षणं वाचली, त्यात ‘शब्दावरचा जोर चुकतो’ असं होतं. कँटोनीजमध्ये तर शब्दावर जोर नसतो, सूर असतो. मग निदान कशावरून केलं? उपचार कसे करतात? आणि मराठी बंद करायची का?

ताई, तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलं आहे: ‘सासूबाईंना वाईट वाटतं, म्हणतात हा मला आई म्हणून हाक मारतो.’ मी तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या वाक्यात आहे.

कँटोनीजमध्ये वडिलांच्या आईला ‘मामा’ म्हणतात आणि आईलाही ‘मामा’ म्हणतात. व्यंजन तेच, स्वर तोच. आजीच्या हाकेत दोन्ही ‘मा’ खालच्या, उतरत्या सुरात येतात. आईच्या हाकेत पहिला ‘मा’ खाली आणि दुसरा वर, सपाट. तुम्हाला तो ‘आई’ म्हणतो, तेव्हा ही खाली-वर हाक त्याने बालवाडीत इतर मुलांच्या तोंडून ऐकली असणार. साताऱ्याचा मामा व्हिडिओ कॉलवर येतो तो तिसरा. म्हणजे तुमच्या घरातली तीन माणसं या मुलाच्या कानावर पडणाऱ्या एकाच ‘मामा’त बसलेली आहेत, आणि त्यातल्या दोघींना वेगळं काढायला त्याच्याकडे फक्त सूर आहे. तो सूर नेमक्या जागी, नेमक्या क्षणी बदलणं त्याला जमत नाही. आजीला वाटतं तो नीट ओळखत नाही. ओळखतो हो. मागे ‘आजी कुठे?’ म्हटल्यावर तो धावत तिच्याकडे जातो, हे तुम्हीच लिहिलं आहे.

मी मुंबईत शिकले आणि गेली सतरा वर्षं हाँगकाँगमध्ये मुलांबरोबर काम करते. कँटोनीज मी इथे येऊन शिकले. म्हणून सुरांबद्दल निर्णय देताना मी आजही माझ्या कँटोनीज मातृभाषा असलेल्या सहकारी थेरपिस्टला शेजारी बसवते. आम्ही दोघी स्वतंत्र ऐकतो, स्वतंत्र लिहितो, मग ताडून पाहतो. ही पद्धत इथे जन्मलेल्या थेरपिस्टनीही पाळावी असं माझं मत आहे, कारण शब्द कोणता अपेक्षित आहे हे माहीत असलं की कान चुकीचा सूर बरोबर ऐकतो.

कँटोनीजमध्ये अर्थ बदलणारे सहा सूर आहेत. जुन्या पद्धतीने नऊ मोजतात, पण त्यातले शेवटचे तीन म्हणजे प, त, क यांवर आखडून संपणाऱ्या अक्षरांचे सूर. उंची पाहिली तर सहाच. वर्गात सगळ्यांना शिकवतात तो ‘सी’ घ्या. एका सुरात कविता, दुसऱ्यात इतिहास, मग प्रयत्न, वेळ, बाजार आणि बाब. इथली मुलं हे सूर फार लवकर उचलतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात हाँगकाँगच्या १,७२६ मुलांचे उच्चार तपासले होते. सूर अडीच वर्षांच्या आत पक्के होतात आणि शब्दारंभीची व्यंजनं सहाव्या वर्षापर्यंत येत राहतात, असं चित्र त्यातून दिसतं. म्हणून चार वर्षांच्या मुलाने ‘स’ चुकवला तर मी फार काळजी करत नाही, पण सूर चुकवला तर खुर्ची पुढे ओढून बसते.

तरी एवढ्यावर ॲप्रॅक्सिया म्हणता येत नाही. आधी कान. जन्मानंतरची श्रवण-चाचणी पास झाली होती, हे पुरेसं नाही. मधल्या कानात पाणी साचलं असेल तर चार वर्षांच्या मुलाला हळू आवाजातले वेगवेगळे सूर सारखेच ऐकू येतात. तुमच्या पत्रात ऐकण्याच्या ताज्या तपासणीचा उल्लेख नाही. ती याच महिन्यात करून घ्या, बाकी सगळं त्यानंतर.

आता ॲप्रॅक्सिया म्हणजे काय ते. मुलाला शब्द माहीत असतो. ओठ, जीभ, टाळू यांचे स्नायू दुबळे नसतात. अडतं ते मधल्या पायरीवर: हा शब्द उच्चारायला कोणती हालचाल, कधी, किती, आणि तिच्यातून पुढच्या हालचालीत कसं जायचं, याची आखणी मेंदू भरवशाने करू शकत नाही. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण संघटनेने, म्हणजे ‘आशा’ने, २००७ मध्ये तीन लक्षणांवर एकमत नोंदवलं. तोच शब्द पुन्हा पुन्हा म्हणताना व्यंजनं आणि स्वर दर वेळी वेगळे चुकणं. एका ध्वनीतून किंवा अक्षरातून दुसऱ्यात जाताना वेळ लागणं, मध्ये तुटणं. आणि बोलण्याची लय बिघडणं, विशेषतः शब्दावरचा किंवा वाक्यावरचा जोर. तुम्ही वाचलंत ते हे तिसरं.

तुमची शंका अगदी रास्त आहे. इंग्रजी बोलणारं मूल ‘बनाना’मधल्या तिन्ही अक्षरांना सारखंच वजन देऊन, एकेक वीट ठेवल्यासारखं म्हणायला लागलं की तिथल्या थेरपिस्टचे कान टवकारतात. कँटोनीजमध्ये सगळेच प्रत्येक अक्षराला जवळजवळ सारखं वजन देतात. ती त्या भाषेची चाल आहे. म्हणजे इंग्रजीतली सर्वांत ठळक खूण इथे दिसूच शकत नाही. यादी जशीच्या तशी लावली तर दोन्हीकडून घात होतो: खरा ॲप्रॅक्सिया निसटतो, किंवा साध्या बोलण्याला कुणी ‘यांत्रिक’ ठरवतं. मुंबई-पुण्यातही हा प्रश्न आहेच. मराठीतही जोर बदलून शब्दाचा अर्थ बदलत नाही, तरी इंग्रजी यादीतला जोराचा रकाना तिथे भरला गेलेला मी पाहिला आहे.

मग कँटोनीजमध्ये तिसऱ्या लक्षणाच्या जागी काय पाहायचं? इथल्या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न तज्ज्ञांपुढे ठेवला, इंग्रजीतली कोणती लक्षणं कँटोनीजला लागू पडतात याची फेऱ्याफेऱ्यांनी मतं घेतली, आणि मुलांच्या सुरांचा छोट्या गटांवर अभ्यासही सुरू केला. माझ्या रोजच्या कामातून मी जे पाहते ते सांगते.

सूर हाही स्नायूंच्या हालचालीतूनच निघतो. स्वरयंत्र ताणायचं, सैल सोडायचं, आणि ते जीभ-ओठांच्या हालचालीशी जुळवून. एकट्या अक्षरात सूर बरोबर लागणं आणि ओळीने येणाऱ्या तीन अक्षरांत तीन वेगळे सूर लागणं या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मी आधी ‘पा-पा-पा’ एकाच वरच्या सुरात म्हणवून घेते. मग तेच ‘पा-पा-पा’ वर, चढता, उतरता असं. व्यंजन-स्वर बदललेच नाहीत, फक्त सूर बदलले. काही मुलांचं पहिलं सहज होतं आणि दुसऱ्यात मूल थबकतं, मान उचलतं, किंवा तिन्ही अक्षरं एकाच मधल्या सुरात सपाट करून टाकतं. नंतर उलट: सूर एकच ठेवून ‘पा-ता-का’. मग दोन्ही एकदम. कोणत्या पायरीवर पाय अडतो ते कळलं की उपचार कुठून सुरू करायचा तेही कळतं.

एक मात्र लक्षात ठेवा. सूर शाबूत असलेली ॲप्रॅक्सियाची मुलंही मी पाहिली आहेत. एक मुलगी जवळजवळ सगळे शब्द ‘आ’वर म्हणायची, पण सूर इतके चोख की तिच्या आईला नुसत्या चालीवरून वाक्य कळायचं. तेव्हा सूर चुकला नाही म्हणून ॲप्रॅक्सिया नाही, असं कुणी म्हटलं तर ते मान्य करू नका.

सुरापेक्षाही माझा भर एका अक्षरातून दुसऱ्यात जाण्यावर असतो. एक प्रसंग सांगते, मूल कोण ते ओळखू येणार नाही अशा बेताने. हातात खेळण्यातलं विमान. विमानाला कँटोनीजमध्ये ‘फेइकेइ’, दोन्ही अक्षरं वरच्या सपाट सुरात. त्याने विमान उडवताना आपण होऊन स्वच्छ ‘फेइकेइ’ म्हटलं. मी म्हटलं, ‘काय म्हणालास?’ तेव्हा ‘हेइकेइ’. पुन्हा विचारलं, ओठ आधी मिटले, मग खालचा ओठ दातांखाली गेला, आवाज नाही, आणि मग ‘पे… तेइ’. मधली फट मोजण्याइतकी मोठी. चौथ्यांदा ‘फेइखेइ’, दुसरं अक्षर घसरून खाली. पाचव्यांदा त्याने विमान माझ्या हातात दिलं आणि खिडकीकडे गेला. पाच मिनिटांनी खिडकीतून खरं विमान दिसलं आणि पुन्हा स्वच्छ ‘फेइकेइ’. तिथे आळस नव्हता, हट्टही नव्हता. मागणीवर तोच शब्द रचताना त्याला दर वेळी नव्याने वाट शोधावी लागत होती, आणि ती वाट शोधताना त्याचे ओठ मला दिसत होते.

याच्या शेजारी दुसरं मूल ठेवा, जे ‘क’ला नेहमी ‘त’ म्हणतं. कोंबडी ‘कै’ऐवजी ‘तै’, विमान ‘फेइतेइ’, रोज, प्रत्येक वेळी. त्याची चूक नियमाने होते. तो ध्वनिव्यवस्थेचा प्रश्न आहे, उपचार वेगळा आणि बहुतेक वेळा लवकर लागू पडणारा. आणि लाळ गळते, चघळताना त्रास होतो, आवाज सतत नाकातून किंवा दुबळा येतो असं असेल तर मी स्नायूंच्या दुबळेपणाकडे, डिसार्थ्रियाकडे वळते. ही तीन दुखणी एकाच मुलात मिसळलेलीही असतात.

तुम्ही मराठी आहात म्हणून एक खूण तुम्हाला पटकन कळेल. कँटोनीजमध्ये ग-द-ब नाहीत, पण क-ख, त-थ, प आणि श्वास सोडून म्हटलेला प असे जोड आहेत. चेंडू म्हणजे ‘पो’, आणि आईच्या आईला ‘प्होप्हो’. हा फरक ओठ उघडणं आणि आवाज सुरू होणं यांच्यामधल्या क्षणभराच्या वेळेचा आहे. ॲप्रॅक्सियात हीच वेळ डळमळते: एकदा ‘पो’ म्हणताना श्वास सुटतो, एकदा सुटत नाही. स्वरही ऐका. ‘काऽइ’ म्हणजे रस्ता आणि आखूड ‘कै’ म्हणजे कोंबडी. लहान मुलांचे स्वर सहसा लवकर स्थिरावतात, ते जर सारखे बदलत असतील तर मी ते ठळक लिहून ठेवते.

आणि काय मोजायचं नाही, तेही तितकंच महत्त्वाचं. हाँगकाँगमध्ये आता खूप मोठी माणसं ‘न’च्या जागी ‘ल’ म्हणतात, शब्दारंभीचा ‘ङ’ गाळतात, शेवटचा ‘ङ’ ‘न’सारखा करतात. इथले लोक याला ‘आळशी उच्चार’ म्हणतात. काही बोलणाऱ्यांचे जवळजवळचे सूरही एकमेकांत मिसळलेले असतात, उदाहरणार्थ दोन चढते सूर. बाबा आणि आजी घरात जसं बोलतात तेच मूल शिकणार. म्हणून मी मुलाची तपासणी करण्याआधी आजीकडून आणि बाबांकडून तेच शब्द म्हणवून घेते. शब्दकोशातला उच्चार आमचा मापदंड नाही, घरातला आहे.

तुमच्या अहवालात ‘संशयित’ लिहिलं आहे याचा राग मानू नका. मला तो शब्द प्रामाणिक वाटतो. कँटोनीजसाठी उच्चारांच्या प्रमाणित चाचण्या आहेत, पण त्या कोणते ध्वनी आले आणि कोणते नाहीत हे सांगतात. ॲप्रॅक्सिया ओळखायला तेच शब्द वेगवेगळ्या वेळी, लहान-मोठ्या लांबीत, आणि मदत दिल्यावर काय बदलतं ते पाहत ऐकावे लागतात. हे एका बैठकीत होत नाही. मी साधारण सहा-आठ आठवडे उपचार करत करतच निदान पक्कं करते. मुलाच्या हातात वेळ कमी असताना आधी नाव, मग काम, असा क्रम परवडत नाही.

मराठीतही तपासणी व्हायलाच हवी. ॲप्रॅक्सिया खरा असेल तर तो दोन्ही भाषांत दिसतो, कारण आखणी करणारा मेंदू एकच. कँटोनीज शब्द बहुतेक एक-दोन अक्षरांचे असतात, त्यात मूल निभावून नेतं. मराठीत शब्द शेपट्या लावत वाढतात: घर, घरात, घरातून, घरातूनच. ही शिडी निदानासाठी सोन्यासारखी आहे. कितव्या पायरीवर शब्द तुटतो ते लिहा. जोडाक्षरं मात्र या वयात कुणाचीही पडतात, ती मोजू नका.

आता उपचार. मेयो क्लिनिकच्या एडिथ स्ट्रँड यांनी मांडलेली, डीटीटीसी नावाची पद्धत मी लहान आणि जास्त अडलेल्या मुलांसाठी वापरते. तिचा गाभा साधा आहे. मूल माझ्या चेहऱ्याकडे पाहतं, मी शब्द अगदी सावकाश म्हणते आणि ते माझ्याबरोबरच म्हणतं. जमू लागलं की मी माझा आवाज कमी करत नुसते ओठ हलवते. मग मी म्हणायचं, लगेच त्याने. मग मी म्हणायचं, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग त्याने. शेवटी प्रश्नाच्या उत्तरात त्याने आपण होऊन. कुठे अडखळला की लगेच एक पायरी मागे, न रागावता, न थांबता. कधी बोटाने त्याचा ओठ किंवा हनुवटी योग्य जागी आणून देते.

कँटोनीजमध्ये इथे एक मेख आहे, आणि ती इंग्रजी पुस्तकात सापडत नाही. सावकाश म्हणायचं म्हणजे अक्षर ताणायचं. ‘थॉङ’ घ्या: वरच्या सुरात सूप, चढत्या सुरात गोळी-चॉकलेटातली गोळी. चढता सूर ताणला की तो आणखी स्पष्ट होतो, मुलाला चढ ऐकू येतो, जाणवतो. शेवटचा ‘ङ’सुद्धा ताणता येतो. पण ‘सिक’, म्हणजे खाणं? त्याचा शेवटचा ‘क’ तोंडात अडवून ठेवायचा असतो, सोडायचा नसतो, आणि अक्षर आखूडच असावं लागतं. ते ताणलं की तो शब्दच उरत नाही. म्हणून सुरुवातीला मी उघडी किंवा अनुनासिकावर संपणारी अक्षरं घेते, आणि ‘सिक’सारखी नंतर, तेव्हा वेग पूर्ववत झालेला असतो. दुर्दैवाने ‘खाणं’ हा शब्द प्रत्येक आईला पहिल्या आठवड्यात हवा असतो. तोपर्यंत मी ‘इउ’, म्हणजे हवंय, आणि ‘म्-इउ’, म्हणजे नको, हे देते. ‘म्’ ओठ मिटून होतो, दिसतो, आणि ज्या मुलाला आजवर नको म्हणायला जमिनीवर लोळावं लागत होतं त्याला ‘नको’ शब्दात म्हणता आलं की घरातलं वातावरण पालटतं.

सुरासाठी मी हाताची चाल वापरते: सपाट, चढती, उतरती. हात शब्दाबरोबरच हलतो. आधी व्यंजनं बसवू, सूर मागाहून घालू, हे मी कधीच करत नाही. चुकीच्या सुरात शंभर वेळा घोटलेला ‘थॉङ’ हा चुकीची हालचाल शंभर वेळा शिकवणं आहे. सूर हा शब्दावर घातलेला दागिना नव्हे, तो त्या हालचालीचाच भाग आहे. पहिल्या दिवसापासून एकत्रच शिकवायला हवा. एखाद्या थेरपिस्टने सूर नंतर पाहू असं सांगितलं तर कृपया हा मुद्दा तिच्याशी बोला.

शब्द थोडे घ्यायचे, पाच-सहा, आणि पुनरावृत्ती भरपूर. सिडनी विद्यापीठातून आलेली ‘रेस्ट’ ही पद्धत आणि लंडनची नफील्ड पद्धत यांची २०१५ मध्ये २६ मुलांवर तुलना झाली. आठवड्यात चार दिवस, रोज एक तास, तीन आठवडे. दोन्ही पद्धतींनी फायदा झाला. ‘रेस्ट’मध्ये सरावाला घेतात ते बनावट शब्द इंग्रजीतल्या अक्षरांवरच्या जोरावर उभे आहेत, ते कँटोनीजला तसे लागत नाहीत, पण एका बैठकीत शंभराच्या घरात प्रयत्न आणि बैठका जवळजवळ, हा धडा कोणत्याही भाषेला लागू आहे. मूल शिकू लागलं की ‘छान, बरोबर’ हेही मी कमी करत जाते, म्हणजे ते स्वतःचं ऐकायला लागतं.

इथेच इथली व्यवस्था तोकडी पडते. बालवाडीत थेरपिस्ट येण्याची सरकारी योजना नोव्हेंबर २०१५ मध्ये प्रायोगिक सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पासून कायम झाली. अनेक मुलांना तिने वेळेत मदत मिळाली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ती सगळ्या प्रकारच्या अडचणींसाठी आहे. ॲप्रॅक्सियाला आठवड्यात तीन ते पाच वेळा एकट्याची थेरपी हवी असते, आणि तिथे सहसा त्याच्या जवळपासही वेळ मिळत नाही. आरोग्य विभागाच्या बालतपासणी केंद्रात नाव घातलं नसेल तर घाला. आणि थेरपिस्टला स्पष्ट विचारा: एकच लांब बैठक तोडून दोन-तीन छोट्या करता येतील का? चाळीस मिनिटं एकदा, यापेक्षा पंधरा मिनिटं तीनदा, हे या मुलांना जास्त मानवतं. गटात बसवणार असतील तर त्यात त्याच्या वाट्याला किती उच्चार येतात ते स्वतः मोजून पाहा. मी मोजले आहेत. कधी कधी दहासुद्धा होत नाहीत.

घरी काय करायचं? दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटं, तेच पाच शब्द, जिथे ते शब्द खरोखर लागतात तिथे. कँटोनीज शब्द बाबांनी आणि आजीने म्हणून दाखवायचे. तुम्ही नाही, ताई. तुम्ही मराठी माणसासारखा शेवटचा ‘क’ सोडाल आणि सूर थोडा हलेल. या मुलाला नमुना दर वेळी सारखा मिळणं फार गरजेचं आहे. घरात सांभाळणारी मदतनीस असेल तर तिलाही बैठकीत आणा, दिवसाचा मोठा भाग ती त्याच्याबरोबर असते. तुमचे शब्द मराठीतले: आई, दे, पाणी, नको. ते तुमच्याइतके चांगले दुसरं कुणीच म्हणून दाखवू शकत नाही.

म्हणून मराठी बंद करू नका. दोन भाषांमुळे ॲप्रॅक्सिया होत नाही आणि एक काढून टाकल्याने तो जात नाही. एवढंच होतं की आई मुलाशी परक्या भाषेत, तुटक, सावध बोलायला लागते. मी असं एक घर जवळून पाहिलं आहे. एका तज्ज्ञाच्या सांगण्यावरून तिथे आईने दीड वर्ष मातृभाषा बंद ठेवली होती. मुलाच्या उच्चारात फरक पडला नाही, आणि आजोळच्या माणसांशी त्याचं बोलणं संपलं. ते परत जोडायला जे कष्ट पडले ते मला विसरता येत नाहीत.

फुंकण्या, शिट्ट्या, जिभेचे व्यायाम, गालाला मालीश: यांनी बोलणं सुधारतं असा आधार नाही. बोलायला शिकायचं तर बोलण्याचाच सराव लागतो. साताऱ्याहून जिभेला लावायला वेखंड आलं असेल तर ते आलं त्या मायेने ठेवून द्या, जिभेला लावू नका. त्याची जीभ जड नाही. आणि ‘मुलगे उशिराच बोलतात’ असं साताऱ्याचे म्हणतील, ‘थोर माणसं उशिरा बोलतात’ अशी म्हण इथले ऐकवतील. चौथ्या वर्षी या दोन्हींवर विसंबायचं नाही.

हे कुणामुळे झालं, असं तुम्ही विचारलं नाही, पण पत्राच्या ओळींमध्ये ते आहे. २००१ मध्ये फॉक्सपी-२ हे वाचेशी जोडलेलं पहिलं जनुक सापडलं. त्यानंतर आणखी अनेक सापडली, आणि अलीकडच्या अभ्यासांत तपासलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत जनुकीय कारण मिळालं. दर हजारी एक-दोन मुलांना हे होतं. तुम्ही गरोदरपणात काय केलं, कोणत्या भाषेत अंगाई म्हटली, याचा यात काही संबंध नाही. बालरोगतज्ज्ञांना मेंदूविकार आणि जनुकीय तपासणीबद्दल जरूर विचारा, विशेषतः झटके येत असतील किंवा चालणं-पकडणंही मागे असेल तर.

या आठवड्यापुरतं एवढं करा. दहा शब्द निवडा, पाच कँटोनीज, पाच मराठी. सोमवार, बुधवार, शनिवार, प्रत्येक शब्द तीनदा, फोनवर चेहरा दिसेल असं चित्रित करा. वाकून, त्याच्या उंचीवरून, उजेड त्याच्या तोंडावर. चुकला तरी मध्ये दुरुस्त करू नका. ही चित्रणं थेरपिस्टला दाखवा; माझ्यासाठी ती कोणत्याही गुणपत्रिकेपेक्षा मोलाची असतात.

आणि पहिल्या पाच शब्दांत आजीचा ‘मामा’ घ्याच. तो आमच्या दृष्टीने उत्तम पहिला शब्द आहे: ओठ मिटलेले दिसतात, अक्षर उघडं आहे, हवं तेवढं ताणता येतं, आणि दोन्ही अक्षरांना एकच सूर, म्हणजे मध्ये बदल करावा लागत नाही. आईचा खाली-वर ‘मामा’ त्याच आठवड्यात मुळीच नको, तो हा पक्का झाल्यावर. सासूबाईंना सांगा, संध्याकाळी बाहेरून आल्यावर जाळीचं दार लगेच उघडायचं नाही. तो आतल्या बाजूला, त्या बाहेर, मध्ये फक्त जाळी, चेहरे समोरासमोर. त्यांनी हात खाली उतरवत सावकाश ‘माऽमाऽ’ म्हणायचं, त्याने त्यांच्याबरोबर म्हणायचं. तीनदा. जसं जमेल तसं, मग दार उघडायचं आणि उचलून घ्यायचं.